शब्दामागे किती?

‘शब्दामागे किती देणार?’ ऑनलाइन लेखनाची कामं घेऊ लागलेला माणूस पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न विचारायला शिकतो. मी तो २०१७मध्ये, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना विचारला आणि उत्तर आलं, तीस पैसे. म्हणजे पाचशे शब्दांच्या लेखाचे दीडशे रुपये. विषय ठरलेला, मथळा ठरलेला, कोणता शब्द किती वेळा यायला हवा तेही ठरलेलं. लेखावर नाव कुणाचंच नाही. पाठदुखीसाठी गादी, पाणी गरम करायचा गीझर, केस गळण्यावरचे उपाय, गृहकर्ज असं काय वाट्टेल ते मी लिहिलं. डिग्री मिळाली, नोकरी लागली, तरी शनिवार-रविवारची ही कामं पुढे बरीच वर्षं चालू होती.

तेव्हा मला वाटायचं की हा सगळा प्रकार इंटरनेटनंच जन्माला घातला आहे. शब्द मोजून पैसे, नाव नसलेलं लेखन, मालाच्या खपासाठी मजकूर. मग कुतूहलापोटी जुन्या प्रकाशकांच्या आणि मासिकांच्या इतिहासात शिरलो, आणि तिथे दर दोन पानांवर ओळखीची माणसं भेटायला लागली. कपडे वेगळे, पण तगादे तेच.

मोजून लिहिण्याचा प्रकार तर छापखान्यापेक्षाही जुना आहे. आपल्याकडे हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी अनेकदा ‘ग्रंथाग्र’ म्हणून एक आकडा दिलेला असतो. बत्तीस अक्षरं म्हणजे एक ‘ग्रंथ’, अनुष्टुभ छंदातल्या एका श्लोकाएवढा. मजकूर गद्य असो वा पद्य, माप हेच. पोथीतून काही गळलं नाही ना, हे या आकड्यावरून पडताळता येई आणि लहियाच्या मजुरीचा हिशेबही त्यावर करता येई. वर्ड काउंटचा पणजोबाच म्हणायचा. फरक इतकाच की लहिया नक्कल करत असे; मजकूर त्यानं रचावा अशी अपेक्षा नव्हती. नवा मजकूर रचून तो मोजून विकायचा, हा धंदा खऱ्या अर्थानं फोफावला तो अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये.

फर्मा

इंग्लंडमध्ये छपाईवर परवान्यांचं बंधन घालणारा कायदा १६९५मध्ये संपला आणि पुन्हा लागू झाला नाही. लंडनमध्ये छापखाने वाढले, वर्तमानपत्रं, चोपडी, नियतकालिकं निघू लागली. कागद होता, यंत्रं होती, गिऱ्हाईक होतं. मजकूर कमी पडत होता. तो पुरवणारी माणसं मूरफिल्ड्सजवळच्या ग्रब स्ट्रीट नावाच्या स्वस्त वस्तीत राहत, म्हणून त्या सगळ्या जमातीलाच ‘ग्रब स्ट्रीट’ म्हणायला लागले. (त्या रस्त्याचं नाव १८३०मध्ये बदलून मिल्टन स्ट्रीट झालं.) पोपनं १७२८च्या ‘डन्सिअड’मध्ये या पोटार्थी लेखकांची यथेच्छ टर उडवली. पोपला ते परवडत होतं. होमरच्या भाषांतराला आगाऊ वर्गणीदार मिळवून त्यानं चांगली माया जमवली होती.

इथे पैसे देणारा माणूस म्हणजे पुस्तकविक्रेता. तोच प्रकाशकही असे. आणि त्याचं माप होतं छापील कागद. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की सोळा पानं होतात. आपल्या छापखान्यांत त्याला फर्मा म्हणतात. फर्म्यामागे अमुक गिनी, असा दर ठरायचा. फर्मा कशानं भरला आहे हा नंतरचा प्रश्न.

या बाजारात मार्च १७३७मध्ये सॅम्युअल जॉन्सन दाखल झाला. वय सत्तावीस. पैशांअभावी ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, गावाजवळ काढलेली शाळा बुडालेली, खिशात एक अपुरं नाटक. सोबत त्या शाळेतला विद्यार्थी डेव्हिड गॅरिक, जो पुढे इंग्लंडचा सर्वांत मोठा नट झाला. पुढे इंग्रजीचा शब्दकोश करणारा जॉन्सन आपल्याला माहीत असतो. पण मला त्याची पहिली सहा-सात वर्षं जास्त जवळची वाटतात, कारण त्यात नवख्या फ्रीलान्सरचा एकही अनुभव सुटलेला नाही.

लंडनमध्ये एडवर्ड केव्ह नावाचा मुद्रक १७३१पासून ‘जंटलमन्स मॅगझिन’ चालवत होता. मॅगझिन म्हणजे कोठार. नियतकालिकाला हा शब्द पहिल्यांदा लावला तो केव्हनंच, आणि तो अगदी चपखल होता. सुरुवातीला त्यात मुख्यतः इतर पत्रांतल्या मजकुराचे गोषवारे असत. आजच्या भाषेत ॲग्रिगेटर. जॉन्सननं लंडनला यायच्या तीन वर्षं आधीच, १७३४मध्ये, केव्हला खोट्या नावानं पत्र पाठवून तुमच्या मासिकातली कविता सुधारायला हवी, ते काम मी करतो, असं सुचवलं होतं. त्यातून काही निष्पन्न झालं नाही. लंडनला आल्यावर त्यानं एका जाडजूड इतिहासग्रंथाच्या भाषांतराचा प्रस्ताव दिला. मग १७३८मध्ये केव्हची स्तुती करणारी लॅटिन कविता केव्हच्याच मासिकाला पाठवली. ती छापून आली. पहिलं काम मिळवण्याची ही रीत आजही जशीच्या तशी चालते, फक्त लॅटिन येत नसलं तरी भागतं.

भाषांतराचं काम सुरू झालं. केव्ह थोडे थोडे पैसे देत राहिला. एकूण ४९ पौंडांच्या आसपास. आणि मग समजलं की जॉन्सन याच आडनावाचा दुसरा एक गृहस्थ त्याच ग्रंथाचं भाषांतर करतो आहे. दोघांत वाद झाला आणि दोन्ही भाषांतरं बारगळली. त्याच वर्षी केव्हला लिहिलेल्या एका पत्राखाली जॉन्सननं सहीसोबत एक लॅटिन शब्द टाकला, ज्याचा अर्थ ‘अजून जेवलो नाही’.

यानंतर त्याला जे काम मिळालं ते फार मासलेवाईक होतं. संसदेतल्या चर्चा छापायला बंदी होती आणि वाचकांना तर त्याच हव्या होत्या. केव्हनं १७३८मध्ये त्या ‘लिलिपुटच्या सिनेटमधल्या चर्चा’ म्हणून छापायला सुरुवात केली. पंतप्रधान वॉलपोलचं नाव ‘वॉलेलॉप’, पिटचं ‘प्टिट’. हे वृत्तान्त आधी दुसरा एक जण लिहायचा, जॉन्सन त्यावरून हात फिरवायचा. १७४१ ते १७४४ या काळात मात्र सगळं काम जॉन्सनकडेच होतं. तो सभागृहात जवळजवळ कधीच गेला नाही. कोण बोललं, कोणत्या बाजूनं बोललं, एवढी टिपणं हाती यायची आणि त्यावरून तो भाडोत्री खोलीत बसून भाषणं रचायचा. ती इतकी उत्तम उतरली की वर्षानुवर्षं लोक ती खरी समजत राहिले. पुढे एका मेजवानीत कुणीतरी पिटच्या एका भाषणाची तोंडभरून तारीफ केली, तेव्हा ते मी एका माळ्यावरच्या खोलीत लिहिलं होतं असं जॉन्सननं सांगितल्याची हकिकत आहे. मरण्यापूर्वी मात्र त्याला या कामाचा पस्तावा वाटत होता. लोक ते खरं मानत होते, हे त्याला बोचत होतं.

मग एका पुस्तकविक्रेत्यानं विकत घेतलेल्या प्रचंड ग्रंथसंग्रहाची सूची करायचं काम. मग १७४४मध्ये मित्र रिचर्ड सॅव्हेज याचं चरित्र, पंधरा गिनींना. त्यातली छापील अठ्ठेचाळीस पानं आपण रात्रभर जागून एका बैठकीत लिहिली, असं तो सांगत असे. पंधरा गिनींच्या कामाला एवढाच वेळ परवडतो, हे गणित त्याला पाठ झालेलं होतं.

आणि १७४६मध्ये पुस्तकविक्रेत्यांच्या एका गटानं त्याच्याशी शब्दकोशाचा करार केला. १,५७५ पौंड, हप्त्याहप्त्यानं. १७५५मध्ये ४२ हजारांहून अधिक शब्दांचा कोश बाहेर आला. त्यात ‘ग्रबस्ट्रीट’ या शब्दाची नोंद आहे आणि तिथे राहणाऱ्या लेखकांच्या धंद्यांची यादी देताना जॉन्सननं कोश रचणाऱ्यांनाही त्यात बसवलं आहे. स्वतःची जात तो लपवत नव्हता. कोश छापून झाल्यावर वर्षभराच्या आत पाच पौंड अठरा शिलिंगांच्या देण्यापायी त्याला अटक झाली आणि कादंबरीकार रिचर्डसननं पैसे पाठवून सोडवलं.

मला इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, कोशाचं काम फर्म्यावर मोजलेलं नव्हतं; आख्ख्या कामाची किंमत ठरली होती. दुसरी, ते काम पेलण्याइतकं वाचन जॉन्सनला दिलं ते मोजून घेतलेल्या किरकोळ कामांनी. सूची, भाषांतर, चरित्रं, लिलिपुट. प्रत्येक कामाचे पैसे संपले, पण प्रत्येक कामातून काहीतरी त्याच्याजवळ उरलं. सगळ्यांचं असं झालं नाही. कोशासाठी उतारे नकलून काढणारे सहा मदतनीस होते. त्यांपैकी पेटन नावाचा एक शेवटपर्यंत हलाखीतच राहिला. तो गेला तेव्हा अंत्यविधीचा खर्च जॉन्सननं केला.

ओळ

एकोणिसाव्या शतकात वर्तमानपत्रांचा खप वाढला आणि माप बारीक झालं. फर्म्याच्या जागी ओळ आली. लंडनमध्ये ‘पेनी-अ-लायनर’ नावाची जमातच तयार झाली. आगी, अपघात, बुडालेली माणसं, कोर्टातले खटले शोधत दिवसभर हिंडायचं, पातळ कागदावर कार्बन घालून एकाच बातमीच्या अनेक प्रती काढायच्या आणि सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवायच्या. छापलेल्या ओळींचे पैसे मिळायचे. त्यामुळे साधी ‘आग’ लिहून भागत नसे. ज्वालांचं तांडव लिहावं लागे.

पॅरिसमध्ये १८३६नंतर स्वस्त दैनिकांनी कादंबऱ्या क्रमशः छापायला घेतल्या. ‘थ्री मस्केटिअर्स’ १८४४मध्ये ‘ल सिएक्ल’ या दैनिकात आली. त्यातला ग्रिमो नावाचा नोकर एकेका शब्दात उत्तरं देतो, आणि छोट्या संवादाच्याही पूर्ण ओळीचे पैसे मिळत असल्यानं द्यूमानं हे पात्र मुद्दाम घातलं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, ती इतकी पसरली यातच सगळं आलं. द्यूमाच्या या कादंबऱ्यांची जुळवाजुळव आणि कच्चे खर्डे ऑग्युस्त माके करून द्यायचा. नाव फक्त द्यूमाचं. माके पुढे कोर्टात गेला. त्याला पैसे मिळाले, सहलेखकाचं श्रेय मिळालं नाही.

याच्या उलट डिकन्सबद्दल, त्याला शब्दामागे पैसे मिळत म्हणून तो पाल्हाळ लावी, असं सर्रास सांगतात. ते चूक आहे. त्याची पहिली गोष्ट १८३३मध्ये छापून आली तेव्हा त्याला छदामही मिळाला नव्हता. ‘पिकविक’चे दर महिन्याला ठरावीक पानांचे अंक १८३६पासून निघाले तेव्हा अंकामागे सुमारे चौदा पौंड ठरले होते. पानं ठरलेली असली की वाढवूनही फायदा नाही आणि आखडूनही नाही.

याच सुमाराचा ‘फ्रीलान्स’ हा शब्द. तो रूढ झाला वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’मुळे, अर्थ, कुणाच्याही पदरी नसलेला भाडोत्री भालाईत. आपल्या जुन्या लष्करी व्यवहारात बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराला घोडं सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपलं घोडं, आपलं हत्यार घेऊन चाकरीला येई. घोडं मेलं तर नुकसान शिलेदाराचं. तीस पैसे शब्दाच्या काळात माझा लॅपटॉप बंद पडला तेव्हा हा शब्द मला फार पटला.

पान

लंडनच्या सोहो भागातल्या डीन स्ट्रीटवर १८५०च्या दशकात एक जर्मन निर्वासित अशीच फ्रीलान्स कामं करून घर चालवत होता. कार्ल मार्क्स. ‘न्यू यॉर्क डेली ट्रिब्यून’चा संपादक चार्ल्स डाना यानं १८५१मध्ये त्याच्याकडे लेख मागितले. मार्क्सला तेव्हा इंग्रजी नीट लिहिता येत नव्हतं. म्हणून मँचेस्टरला कापडाच्या पेढीत नोकरी करणाऱ्या एंगल्सनं पहिली लेखमाला लिहून दिली आणि ती मार्क्सच्या नावानं छापली गेली. पुढेही जवळजवळ दीड वर्ष भाषांतर एंगल्सच करायचा. लेखाला आधी एक पौंड, पुढे दोन. काही लेख ट्रिब्यून बिननावाचे अग्रलेख म्हणून वापरी, याचा मार्क्सला संताप यायचा. १८५३मधले भारतातल्या इंग्रजी राज्यावरचे लेख आणि १८५७च्या उठावावरचे लेख याच कामाचा भाग आहेत. आपण आज ते ग्रंथात गंभीरपणे वाचतो. लिहिले गेले तेव्हा ते घरभाड्याच्या तारखेशी बांधलेले होते.

त्याहून मजेशीर पुढचं काम. डाना १८५७च्या सुमारास ‘न्यू अमेरिकन सायक्लोपीडिया’ काढत होता. पानाला दोन डॉलर. मार्क्सनं होकार दिला आणि नेहमीप्रमाणे बऱ्याच नोंदी एंगल्सनं लिहिल्या: सैन्य, तोफखाना, अफगाणिस्तान, अल्जिरिया. दोघांच्या बहुतेक नोंदी ए, बी आणि सी या अक्षरांखालच्या आहेत. मार्क्सनं सिमोन बोलिव्हारवरची नोंद इतकी झोडपून लिहिली की डानानं तक्रार केली: भाषा एकतर्फी आहे, आधार दाखवा. मला हे वाचून हसू आलं, कारण ‘सोर्स जोडा, टोन न्यूट्रल ठेवा’ हा शेरा माझ्याही लेखांवर कितीदा तरी आला होता. बोलिव्हारच्या जागी पाण्याचे प्युरिफायर होते, एवढंच.

या कामाबद्दल मार्क्स मित्रांकडे सतत कुरकुर करायचा. पण ट्रिब्यूनसाठी त्यानं ब्रिटिश म्युझियममध्ये बसून कापसाचे भाव, संसदेचे अहवाल, गिरण्यांची आकडेवारी जी उपसली, ती ‘कॅपिटल’च्या कामी आली.

आपल्याकडेही कोशाच्या कामातून असंच घडलं आहे. श्री. व्यं. केतकरांनी मर्यादित कंपनी काढून, भाग विकून भांडवल जमवलं आणि १९२० ते १९२७ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस भाग काढले. मराठीत इतक्या मोठ्या प्रमाणावर, वेळापत्रक लावून मजकूर तयार करणारा कारखाना त्याआधी झाला नव्हता. त्यात काम केलेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे सात भाग १९३२ ते १९३८ या काळात संपादले. नोंदी करायची, पडताळायची, वेळेत छापखान्याला द्यायची सवय आधीच्या कोशात लागलेली होती. जॉन्सनचीच गोष्ट, पुण्यात.

शब्द

जॉर्ज गिसिंगची ‘न्यू ग्रब स्ट्रीट’ ही कादंबरी १८९१ची. हक्क त्यानं दीडशे पौंडांना विकून टाकले. त्यात मॅरियन यूल नावाची तरुणी आहे. वडिलांच्या नावावर जाणाऱ्या लेखांसाठी ती ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसदिवस बसून जुन्या पुस्तकांतून नवा मजकूर काढते. एकदा तिला वर्तमानपत्रात ‘लिटररी मशिन’ अशी जाहिरात दिसते. तिला वाटतं, चला, आपल्यासारख्या बिचाऱ्यांच्या जागी पुस्तकं आणि लेख पाडणारं यंत्र निघालं. प्रत्यक्षात ते पुस्तक धरून ठेवायचं स्टँड असतं. ती निराश होते. पण तिची खात्री आहे की कुणी तरी एडिसन हे यंत्र करणारच: जुनी पुस्तकं आत टाकायची, आजच्या गिऱ्हाइकाला चालेल असं एक नवं पुस्तक बाहेर. १८९१मध्ये मोठ्या भाषिक प्रतिमानाचं याहून नेमकं वर्णन कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

शब्द हे माप सर्रास रुळलं ते अमेरिकेतल्या स्वस्त कागदावरच्या मासिकांत. शब्दाला एक सेंट हा तिथला नेहमीचा दर. रेमंड चँडलरची तेलकंपनीतली मोठी नोकरी १९३२मध्ये गेली तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्यानं या मासिकांतली एक गोष्ट घेतली, तिचा सारांश काढला, त्यावरून ती स्वतः पुन्हा लिहिली आणि मूळ गोष्टीशी ताडून पाहिली. असं करत तो धंदा शिकला. पहिली गोष्ट लिहायला पाच महिने लागले. ‘ब्लॅक मास्क’नं ती १९३३मध्ये छापली आणि १८० डॉलर दिले. पाच महिन्यांचे १८० डॉलर हा दर म्हणून भिकार होता. शिकवणीचा खर्च वजा जाता वर १८० डॉलर मिळाले, असं पाहिलं तर वेगळं दिसतं.

मग आपला काळ. गूगल १९९८, फ्रीलान्स कामांचे बाजार त्याच सुमारास, वेबपानावर जाहिराती लावून देणारी ॲडसेन्स २००३मध्ये. आता मजकुराचा खरा वाचक सर्च इंजिन झालं. डिमांड मीडिया या २००६मध्ये स्थापन झालेल्या कंपनीनं हे टोकाला नेलं. लोक काय शोधतात आणि त्यावर जाहिरातदार किती मोजतील, याचा हिशेब करून मथळे प्रोग्रॅमनं काढायचे, आणि लेखाला पंधरा डॉलरच्या आसपास देऊन फ्रीलान्सरकडून ते भरून घ्यायचे. जानेवारी २०११मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य न्यूयॉर्क टाइम्स कंपनीहून जास्त होतं. पुढच्याच महिन्यात गूगलनं क्रमवारीचं सूत्र बदललं आणि असल्या पानांची घसरण सुरू झाली. काम देणारा, वाचणारा आणि मोजणारा एकच असला की असं होतं.

मी आलो तो या पडझडीनंतर, पण रीत तीच होती. ज्या गाद्यांवर लिहिलं त्यांतल्या एकीवरही मी पाठ टेकवली नव्हती. पहिल्या दहा निकालांची पानं उघडायची, त्यांतून अकरावं तयार करायचं. केव्हच्या कोठाराचा आणि मॅरियनच्या वाचनालयाचाच हा पुढचा अवतार. तरीही त्यातून माझ्याकडे काही उरलं: परक्या विषयात चार तासांत शिरणं, पहिलं वाक्य लांबवू नये हे कळणं, आणि इंग्रजीतून लिहिताना आपण मराठीत विचार करतो याची जाणीव. आज नोकरीत मी जी टिपणं लिहितो ती लोक वाचतात, त्याचं कारण कॉलेजातला कुठलाही विषय नाही. त्या गाद्या आहेत.

टोकन

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला आलं. पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत माझ्याकडची असली कामं संपली. एका एजन्सीनं शेवटी ‘मजकूर तयार आहे, फक्त माणसाचा हात फिरवायचा’ म्हणून शब्दाला आठ पैसे देऊ केले. मी थांबलो, मला पगार होता. ज्यांना नव्हता त्यांनी आठ पैशांनीही केलं.

मापही पुन्हा बदललं. भाषिक प्रतिमानं टोकन मोजतात, म्हणजे शब्दांचे तुकडे, आणि दर दहा लाख टोकनांना असतो. इंग्रजीतला साधा शब्द बहुधा एका टोकनात मावतो. देवनागरी शब्दाचे अनेकदा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे तोच मजकूर मराठीत महाग पडतो. बत्तीस अक्षरांच्या ग्रंथापासून निघालेलं माप फिरून अक्षरांच्या तुकड्यांवरच आलं. फक्त ते आता लिहिणाऱ्याची मजुरी मोजत नाही, यंत्राचं भाडं मोजतं.

गिऱ्हाइकाचा यात फायदा आहे, हे मी प्रोग्रॅमर म्हणून रोज पाहतो. गाद्यांवरचे ते लेख माणसानं लिहायलाच हवे होते असंही माझं म्हणणं नाही. पण जॉन्सनला लिलिपुट, मार्क्सला ट्रिब्यून, दाते-कर्व्यांना ज्ञानकोश आणि चँडलरला ‘ब्लॅक मास्क’ मिळालं, ती पहिली पायरी होती. बाजाराला मजकूर हवा होता, म्हणून तो नवख्यांच्या शिक्षणाचा खर्च नकळत उचलत होता. शिकवायचा हेतू केव्हचा नव्हता आणि मला तीस पैसे देणाऱ्याचाही नव्हता. मजकूर माणसाविना मिळू लागल्यावर ते शिक्षण कुणी बंद केलं नाही. ते आपोआप बंद पडलं. आणि त्याची बिलं कुणाच्या ताळेबंदात नव्हतीच, त्यामुळे काय बंद पडलं हेही कुणाला दिसत नाही.

तासगावला माझी मावसबहीण आहे. यंदा बी.एस्सी. झाली. तिनं विचारलं, दादा, कंटेंट रायटिंग सुरू करायचंय, कुठून करू? तिला ग्रब स्ट्रीट सांगून उपयोग नव्हता. पण या माणसांकडे पाहून मला एवढं तरी कळलं होतं की दर काय, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि विचारायलाच हवा; त्यांना तारलं मात्र कामानंतर हातात जे उरलं त्यानं. म्हणून मी तिला सांगितलं की दहा पानांवरून अकरावं करायचं काम घेऊ नकोस, ते आता यंत्र करतं. काकांच्या बेदाणा शेडवर तू लहानपणापासून आहेस. द्राक्षं कशात बुडवतात, जाळीवर किती दिवस राहतात, ढग आले की त्या आठवड्यात काय काय बिघडतं, व्यापारी रंग बघून भाव कसा पाडतो, हे कुठल्याही दहा पानांत नीट लिहिलेलं नाही. आधी ते लिही, मराठीत. औषधं आणि अवजारं विकणाऱ्या कंपन्यांना शेतकऱ्याला कळेल असा मजकूर लागतो. त्यांच्याकडे हे नमुने घेऊन जा. आणि शब्दावर दर सांगू नको, आख्ख्या कामाचा सांग. जॉन्सननं कोशाचा सांगितला होता तसा.

तिनं दोन लेख लिहिले आहेत. पहिला अडीचशे शब्दांचा झाला म्हणून तिला तो फार छोटा वाटला आणि वाढवू का, असं तिनं विचारलं. मी वाचून पाहिला. त्यात वाढवण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्यासाठी ती सध्या तीन शेडवाल्यांना भेटून त्यांचे गेल्या हंगामातले हिशेब उतरवून घेते आहे, आणि त्यातला एक जण द्यायला तयार नाही.